टाकीतला हॅमस्टर

डायलिसिसच्या पेशंटला टोचलं जाणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन, हार्ट अटॅक घेऊन आलेल्या माणसाला कॅज्युअल्टीतच दिलं जाणारं टेनेक्टेप्लेज, स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रॅस्टुझुमॅब, संधिवातावरचं ॲडॅलिमुमॅब. यांचे वॉर्ड वेगळे, डॉक्टर वेगळे, किमतीत तर जमीन-अस्मानाचा फरक. हॉस्पिटलच्या मेडिकल स्टोअरमध्ये मात्र ती एकाच फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंश सेल्सिअसला, शेजारी शेजारी पडलेली असतात. खोक्यात घडी घालून कोंबलेला तो पातळ कागद उलगडून बारीक टाइप वाचायची चिकाटी असेल, तर चारही कागदांवर एकाच जनावराचं नाव सापडतं. औषध चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशींमध्ये तयार केलेलं आहे, असं तिथे लिहिलेलं असतं.

लॅबमधली मंडळी या पेशींना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘चो’ म्हणतात. जनुकं घालून पेशींकडून बनवून घेतलेल्या औषधी प्रथिनांपैकी साधारण सत्तर टक्के प्रथिनं चोमधून येतात, असं या धंद्यात सर्रास सांगितलं जातं. यातलं पहिलं औषध अमेरिकेत १९८७ साली मंजूर झालं. आणि चो पेशीचा जीनोम, म्हणजे तिच्यातला सगळा जनुकीय मजकूर, पहिल्यांदा वाचून प्रसिद्ध झाला २०११ साली. मधली चोवीस वर्षं अब्जावधी डॉलरचा उद्योग एका न वाचलेल्या पोथीवर चालला, आणि चांगला चालला. पोथी उघडल्यावर जे हाती लागलं त्याने उद्योगाला मदत झालीच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्या एका पेशीवर आपण विसंबून आहोत असं सगळे समजत होते, ती एक पेशी मुळात नाहीच, हे कळलं.

०००

चायनीज हॅमस्टर हा उंदराच्या नात्यातला, पाठीवर गडद पट्टा असलेला, मुठीत मावेल एवढा प्राणी. १९१९ साली पेकिंगमध्ये न्यूमोनियाच्या जंतूंचे प्रकार ओळखायला पांढऱ्या उंदरांऐवजी तो पहिल्यांदा वापरला गेला, कारण उंदीर मिळत नव्हते आणि हा मिळत होता. पाच वर्षांनी त्याची खरी किंमत कळली. काळा आजार, म्हणजे बिहार-बंगालला पोखरणारा आणि उत्तर चीनमध्येही माणसं मारणारा तोच काळा आजार, या प्राण्याला लागण करून अभ्यासता येतो असं दिसलं. मात्र पिंजऱ्यात त्याची पैदास होईना. माद्या भांडकुदळ, नराला जवळ येऊ देत नाहीत. त्यामुळे प्रत्येक प्रयोगासाठी रानातून धरून आणलेले हॅमस्टर विकत घ्यावे लागत.

१९४८च्या शेवटी चीनमधलं यादवी युद्ध कम्युनिस्टांच्या बाजूने झुकलं होतं. पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजमधले विकृतिशास्त्राचे प्राध्यापक हू चेंगशियांग यांनी दहा नर आणि दहा माद्या रॉकफेलर फाउंडेशनच्या रॉबर्ट वॉटसन या अमेरिकन डॉक्टरच्या हवाली केल्या. वॉटसनने ते खोकं घेऊन शांघाय गाठलं आणि शहर पडायच्या आधी निघालेल्या शेवटच्या काही विमानांपैकी एकात जागा मिळवली. हॅमस्टर अमेरिकेला पोचले. हू मागे राहिले. हे हॅमस्टर जंतुयुद्धासाठी अमेरिकनांच्या हाती दिले, असा ठपका पुढे त्यांच्यावर आला. १९६६ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या पहिल्याच वर्षी, त्यांचा अंत झाला. औषधउद्योगाच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट आली तर एका वाक्यात येते, आणि तीही वॉटसनच्या धाडसाची म्हणून.

न्यूयॉर्क राज्यात व्हिक्टर श्वेंटकर नावाचा माणूस प्रयोगशाळांना जनावरं पुरवण्याचा धंदा करत असे. त्याने या भांडकुदळ माद्यांना वश केलं आणि पैदास सुरू झाली. त्याच्याकडून जोड्या गेल्या बोस्टनच्या जॉर्ज येरगानियन यांच्याकडे. येरगानियनना हॅमस्टरमध्ये रस होता तो गुणसूत्रांमुळे. माणसाची ४६, उंदराची ४०, आणि या प्राण्याची फक्त २२. तीही ठसठशीत, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखता येतील अशी. आणि १९५७ साली येरगानियननी एक मादी कोलोरॅडो विद्यापीठात थिओडोर पक यांना दिली.

पक यांनी त्याआधी एक अवघड काम साधलं होतं: सस्तन प्राण्याची एकुलती एक पेशी काचेच्या बशीत ठेवून तिच्यापासून अख्खी वसाहत वाढवायची. जिवाणूंच्या बाबतीत ही रोजची गोष्ट. सस्तन प्राण्यांच्या पेशी मात्र एकट्या पडल्या की मरत. त्या मादीच्या अंडाशयाचा तुकडा त्यांनी बशीत वाढवला, आणि त्यातल्या पेशी थांबल्याच नाहीत. शरीरातून काढलेल्या साध्या पेशी ठरावीक वेळा विभागून थकतात. या आपोआप अमर झाल्या. १९५८ साली पक आणि जो हिन चियो यांनी ते प्रसिद्ध केलं. (चियो म्हणजे माणसाची गुणसूत्रं ४८ नव्हे तर ४६ आहेत हे दोन वर्षं आधी दाखवून देणारा माणूस. मोजदादीत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता.)

पुढच्या दहा वर्षांतल्या दोन खुणा आजही लॅबच्या फ्रिजमध्ये दिसतात. एक, रिचर्ड हॅम यांनी पक यांच्या गटात बनवलेलं ‘एफ-१२’ हे खाद्यद्रावण. त्याची बाटली आजही त्याच नावाने विकत मिळते. दुसरी, ‘के-१’ ही उपशाखा, जिला प्रोलिन हे अमिनो आम्ल बाहेरून द्यावं लागतं, कारण ते स्वतः बनवायची तिची क्षमता गेलेली आहे. असे पांगळे वाण वेचून काढायला काओ आणि पक यांनी १९६७ साली मोठी नामी युक्ती वर्णन केली. पेशी प्रोलिन नसलेल्या द्रावणात ठेवायच्या आणि त्यात डीएनएच्या एका अक्षराची ब्रोमीन लावलेली नक्कल घालायची. सुदृढ पेशी विभागतात, ती नक्कल आपल्या डीएनएत ओढून घेतात, आणि मग दिव्याचा उजेड पाडला की मरतात. ज्यांना प्रोलिनवाचून वाढताच येत नाही त्या उपाशी बसून राहतात, नक्कल घेत नाहीत आणि वाचतात. जी कमजोर, तीच जगली. आज कोट्यवधी डॉलरची औषधं देणाऱ्या बऱ्याच सेल लाइन्स या के-१च्या लेकी-नाती आहेत.

०००

पक यांनी पेशी कोणाला नाकारल्या नाहीत. मागेल त्याला बाटली मिळाली, त्याच्याकडून पुढच्याला, तिथून आणखी पुढे. आपल्याकडे शेजारणीने दिलेल्या विरजणाचं जे होतं तेच इथेही झालं. दूध वेगळं, घर वेगळं, हवा वेगळी. वर्षभराने दोन्ही घरची दही एका मायची आहेत हे चवीवरून कोणी ओळखू नये. टोरांटोमध्ये बशीला न चिकटता द्रावणात तरंगत वाढणारी शाखा निघाली. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात लॉरेन्स चेसिन आणि गेल उर्लाब यांनी १९८० साली डीएचएफआर या एन्झाइमचं जनुक निकामी झालेली शाखा वेगळी काढली, आणि नंतर गॅमा किरणांनी दोन्ही प्रती उडवलेली ‘डीजी-४४’.

उद्योगाला चो सापडली ती या शेवटच्या शाखांमुळे. डीएचएफआर नसेल तर डीएनए बनवायला लागणारा कच्चा माल पेशीला स्वतः तयार करता येत नाही. मग तिला हव्या असलेल्या मानवी प्रथिनाचं जनुक द्यायचं, त्याला डीएचएफआरचं चालू जनुक जोडून. ज्या पेशींनी ते घेतलं त्याच जगतात. इथवर सरळ आहे. यानंतर द्रावणात मेथोट्रेक्सेट घालतात, तेच मेथोट्रेक्सेट जे आपल्याकडे संधिवाताचे पेशंट आठवड्यातून एकदा घेतात. ते डीएचएफआरला अडवतं. पेशीला तगून राहायचं तर ते एन्झाइम आणखी बनवलं पाहिजे, आणि त्यासाठी जनुकाच्या प्रती वाढवल्या पाहिजेत. मात्रा चढवत न्यायची, बहुतेक पेशी मरू द्यायच्या. उरलेल्यांत त्या जनुकाच्या दहाच्या शंभर, शंभराच्या कित्येकशे प्रती झालेल्या असतात. आणि शेजारी बसलेलं आपलं औषधाचं जनुकही फुकटात तितक्याच पटीने वाढलेलं असतं.

हे सगळं करायचं कशाला, जिवाणू काय वाईट, असं वाटणं साहजिक आहे. १९८२ साली मंजूर झालेलं मानवी इन्सुलिन ई. कोलायमध्येच बनलं होतं. पण इन्सुलिन हे लहानसं, साधं प्रथिन. हृदयातली गुठळी विरघळवणारं टीपीए घ्या: ५२७ अमिनो आम्लांची साखळी, तिला जागोजागी बांधून ठेवणारे गंधकाचे १७ टाके, आणि वर साखरेच्या फांद्या. जिवाणूला हे टाके धड घालता येत नाहीत आणि या फांद्या तर येतच नाहीत. जेनेन्टेकने टीपीए चो पेशींत बनवलं, आणि १९८७ची ती पहिली मंजुरी त्यालाच मिळाली. त्याचंच सुधारलेलं भावंड टेनेक्टेप्लेज आज पुण्याच्या हिंजवडीतली जेनोव्हा ही कंपनीही बनवते.

उत्पादन कसं वाढत गेलं ते थक्क करणारं आहे. १९८०च्या दशकात लिटरमागे पन्नासेक मिलिग्रॅम प्रथिन मिळालं तरी आनंद व्हायचा. २०००नंतरच्या दशकात लिटरमागे पाच ग्रॅमच्या जवळ मजल गेली. शंभरपट. यातलं बहुतेक श्रेय खाद्यद्रावण, हवा आणि तापमान यांच्या बारकाव्यांना आणि निवडीच्या अखंड कष्टाला जातं. शहाण्णव खळग्यांची प्लेट, प्रत्येक खळग्यात एक पेशी पडेल असा हिशोब करून टाकलेले थेंब, रोज सूक्ष्मदर्शकाखाली खळगा न् खळगा पाहणं, हजारो वसाहतींतून पाचपन्नास पुढे, त्यातून चारपाच, त्यातून एक. ती एक का बरी निघाली हे कोणालाच माहीत नसायचं. मला विचाराल तर आधुनिक जैवतंत्रज्ञानाचा हा काळ शास्त्रापेक्षा शेतकऱ्याच्या बियाणं-निवडीच्या जास्त जवळचा होता, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

०००

माणसाच्या जीनोमचा मसुदा २००१ साली आला, उंदराचा २००२ साली. हॅमस्टरकडे कोणी वळलं नाही. कंपन्यांकडे पैसा होता, पण प्रत्येकीची शाखा तिचं गुपित. दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असा सामाईक ग्रंथ छापायला कोण पैसे घालणार? तोवर संशोधक उंदराच्या जनुकांसाठी बनवलेल्या मायक्रोअॅरे चिप्स हॅमस्टरच्या पेशींवर वापरत. कोणतं जनुक बोलतंय आणि कोणतं गप्प आहे याचा अंदाज शेजारच्या प्राण्याच्या यादीवरून बांधायचा, असा तो प्रकार. मिनेसोटाचे वेइ-शू हू आणि सिंगापूरच्या मिरांडा याप यांनी पुढाकार घेऊन चो पेशीतल्या जनुकांचे तुकडे जमवले, हॅमस्टरच्या खास चिप्स बनवल्या. कंपन्यांनी वर्गणी भरली, आणि बरीचशी माहिती सुरुवातीला वर्गणीदारांपुरतीच राहिली.

मग यंत्रं स्वस्त झाली. २०११ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त के-१चा जीनोम आला. सुमारे २४५ कोटी अक्षरं, २४,३८३ जनुकं. हे वाचन करण्यात चीनमधल्या शेन्झेनच्या बीजीआय या संस्थेचा मोठा वाटा होता. १९४८ साली खोक्यातून बाहेर गेलेल्या वंशाचा मजकूर असा घरी परतला.

त्या मजकुरात दोन गोष्टी खास लक्ष वेधणाऱ्या होत्या. पहिली विषाणूंची. चो पेशींना माणसाचे बहुतेक विषाणू लागत नाहीत, हा त्यांचा जुना लौकिक; नियामक त्यांना सुरक्षित मानतात ते बऱ्याच अंशी यामुळे. आता कारण दिसलं. विषाणू ज्या दारांनी पेशीत शिरतात त्या दारांची जनुकं इथे आहेत, पण त्यातली कित्येक बंद आहेत. दुसरी गोष्ट साखरेच्या फांद्यांची. माणसाच्या पेशीत साखर जोडणारी जी जनुकं आहेत त्यांची जवळपास सगळ्यांची जोड चोमध्येही सापडली. पण त्यातली जेमतेम निम्मी चालू होती. नसणं वेगळं आणि मिटून असणं वेगळं. मिटलेलं उघडू शकतं.

ही नुसती शंका नव्हती. सेटुक्सिमॅब हे कॅन्सरचं औषध उंदराच्या पेशींत बनतं. अमेरिकेच्या आग्नेय भागात काही रुग्णांना पहिल्याच डोसला भयंकर अॅलर्जी झाली, आणि कारण निघालं त्या प्रथिनावरची अल्फा-गॅल नावाची साखर, जी माणसाच्या अंगात बनत नाही. या लोकांच्या रक्तात तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आधीच तयार होत्या (गोचीड चावल्यामुळे, हे पुढे कळलं). २००८ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा चोवाले निर्धास्त होते: आमच्या पेशींत ही साखर बनतच नाही. २०१० साली दिसलं की बनते. सगळ्यांत नाही, काही क्लोन्समध्ये, म्हणजे एकेका पेशीपासून वाढवलेल्या वसाहतींत, थोडीशी. जनुक तिथेच होतं, बहुतेक ठिकाणी झोपलेलं आणि काही ठिकाणी जागं. एका क्लोनबद्दल खरं असलेलं दुसऱ्याबद्दल खरं असेलच असं नाही, हा धडा जीनोम हाती यायच्या वर्षभर आधीच मिळाला होता.

०००

के-१चा जीनोम वाचून झाल्यावर लगेच प्रश्न आला: हे हॅमस्टरचं आहे की पन्नास वर्षं बाटल्यांत वाढलेल्या एका शाखेचं? म्हणून २०१३ साली दोन गट मुळाकडे, प्राण्याकडे गेले. नेथन लुइस आणि सहकाऱ्यांनी येरगानियन यांच्या जुन्या वसाहतीच्या वंशातली मादी घेतली, तिचा जीनोम वाचला आणि शेजारी सहा सेल लाइन्स वाचल्या. हॅमस्टरशी ताडून पाहता एका अक्षराचे ३७ लाखांवर फरक मिळाले, छोटी घुसखोरी किंवा गळती साडेपाच लाखांवर, आणि सात हजारांवर ठिकाणी प्रतींची संख्याच बदललेली. प्रत्येक शाखेची यादी वेगळी. जर्मनीतल्या बिलेफेल्डच्या गटाने तर गुणसूत्रं एकेक वेगळी करून वाचली.

पहिल्या मसुद्यांत हजारो फटी होत्या, कारण ती यंत्रं शेदीडशे अक्षरांचे तुकडे वाचत आणि एकसारखे दिसणारे तुकडे कुठे बसवायचे ते कळत नसे. हजारो अक्षरं सलग वाचणारं तंत्र आलं, आणि व्हिएन्नाच्या निकोल बोर्थ, डेलावेअरचे केल्विन ली, लुइस आदींच्या मोठ्या गटाने २०१८ साली नवी आवृत्ती काढली. २०२० साली ली यांच्या गटाने ती गुणसूत्रांच्या लांबीपर्यंत नेली: मजकुराचा ९७ टक्के भाग अकरा लांबच लांब तुकड्यांत, हॅमस्टरच्या अकरा जोड्यांना एकेक. इतका नीटस नकाशा. सगळ्यांना खुला, फुकट.

आणि टाकीतल्या पेशीची गुणसूत्रं तशी नाहीतच. हे खरं तर १९७३ सालीच लॉस अलामॉसच्या डेव्हन आणि पीटरसन यांनी पट्टे रंगवून दाखवलं होतं: चो पेशीच्या २१ गुणसूत्रांपैकी फक्त आठ हॅमस्टरसारखी, बाकीची तुटलेली, उलटी जोडलेली, एकमेकांत मिसळलेली. लोझानचे फ्लोरियन वुर्म, जेनेन्टेकमधल्या दिवसांपासून या पेशींसोबत राहिलेला माणूस, ते २०१३ साली स्पष्टच म्हणाले की चोकडे एक वंश म्हणून नव्हे, सतत बदलत्या विषाणूंच्या झुंडीकडे पाहतात तसं पाहायला हवं. एकाच शीशीतल्या शंभर पेशींची गुणसूत्रं मोजा, आकडा एक येत नाही.

हे कसं होतं ते एका शीशीवरून बघू. क्रायोव्हायल करंगळीच्या दोन पेरांएवढी, आत एक मिलिलिटर, त्यात एक कोटीच्या आसपास गोठलेल्या पेशी. द्रवरूप नायट्रोजनमधून चिमट्याने काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात धरून हलकेच फिरवत राहायचं, बर्फाचा शेवटचा कण उरला की बाहेर. उशीर चालत नाही, कारण गोठवताना पेशींना वाचवणारं डीएमएसओ वितळल्यावर त्यांनाच जाळू लागतं. सत्तर टक्के अल्कोहोलने शीशी पुसायची, हूडखाली उघडायची, कोमट खाद्यद्रावणात थेंब थेंब सोडायची. मग एक थेंब ट्रायपॅन ब्लूत मिसळून चौकटी कोरलेल्या काचेवर ठेवायचा: निळ्या दिसतात त्या मेलेल्या, मोत्यासारख्या चमकतात त्या जिवंत. नव्वद टक्क्यांवर जिवंत निघाल्या की सेल्स खूश आहेत म्हणायचं आणि फ्लास्क शेकरवर चढवायचा. दर तीन-चार दिवसांनी मोठं भांडं.

आता हिशोब. दहा हजार लिटरच्या टाकीत मिलिलिटरमागे एक कोटी पेशी धरल्या, तर एकूण पेशी एक कोटी गुणिले एक कोटी. एका शीशीपासून तिथवर यायला प्रत्येक पेशीला सुमारे तेवीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. त्याआधी एका पेशीपासून दोनशे शीशांची बँक भरेपर्यंत आणखी तीस-एकतीस दुपटी होऊन गेलेल्या असतात. दर वेळी काही अब्ज अक्षरांची नक्कल. आणि ही पेशी आधीच अशी, जिची गुणसूत्रं जुळवून ठेवणारी शिस्त सैल झालेली आहे. बँक भरली त्याच दिवशी ती गर्दी असते.

औषधनियंत्रक मात्र एकाच पेशीपासूनची वंशावळ मागतात. १९९७चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व आहे, उत्पादनाची पेशी क्लोन केलेली असावी असं. कंपन्या त्यासाठी खळग्यात पडलेल्या एकट्या पेशीचे पहिल्या दिवसाचे फोटो काढून फायलीला जोडतात. मला यात थोडी कर्मकांडाची छटा दिसते. फोटो खरा असतो, पण तो सांगतो सुरुवातीबद्दल. औषध एकसारखं निघतंय की नाही ते कळतं शेवटी टाकीतून काढलेल्या प्रथिनाच्या चाचण्यांवरून, आणि त्या चाचण्या खरोखर कठोर आहेत. पेशी कितीही भटकली तरी प्रथिन ठरलेल्या मर्यादेत राहतं, हे या उद्योगाचं खरं यश.

०००

जीनोम वाचल्याचा रोकडा फायदा दिसतो तो कात्री हातात घेतल्यावर. अँटिबॉडीच्या साखरेच्या फांदीवर फ्यूकोज नसेल तर ती कॅन्सरपेशींवर प्रतिकारपेशी कितीतरी जोरात सोडते. जपानच्या क्योवा हाक्कोने २००४ साली फ्यूकोज जोडणाऱ्या एफयूटी-८ जनुकाच्या दोन्ही प्रती उडवलेली चो पेशी जाहीर केली. तेव्हा हे काम जुन्या पद्धतीने, असंख्य क्लोन चाळून करावं लागलं. त्या पेशीतून बनलेलं मोगामुलिझुमॅब २०१२ साली जपानमध्ये मंजूर झालं. २०१४ साली डेन्मार्कमधल्या गटाने त्याच जनुकावर क्रिस्परची कात्री चालवून दाखवली. क्रिस्परला कुठे कापायचं तो पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर लागतो. नकाशाशिवाय तो मिळत नाही.

तसाच दुसरा उपयोग, उगाच सोबत येणाऱ्या प्रथिनांचा. टाकीतून औषध गाळून घेताना पेशीची स्वतःची प्रथिनंही चिकटून येतात. त्यातली काही लायपेज एन्झाइम्स अंशमात्र उरली तरी शीशीतलं, प्रथिन स्थिर ठेवणारं पॉलिसॉर्बेट हळूहळू फोडतात, आणि दोन वर्षांची मुदत असलेलं इंजेक्शन गढूळ व्हायला लागतं. जनुकांची यादी आल्यापासून वस्तुमान वर्णपटावर ही घुसखोर प्रथिनं नावानिशी ओळखता येतात आणि त्यांची जनुकं पेशीतूनच काढून टाकता येतात.

विषाणूंचं ते सुरक्षाकवचही पोलादी नाही. २००९च्या जूनमध्ये जेन्झाइमच्या बोस्टनमधल्या कारखान्यात चो पेशींच्या टाक्यांत व्हेसिव्हायरस २११७ शिरला. माणसाला तो अपाय करत नाही, पण पेशी मरू लागल्या, कारखाना धुवायला बंद ठेवावा लागला, आणि गोशे या दुर्मीळ आजाराच्या जगभरच्या रुग्णांना सेरेझाइमचा तुटवडा भोगावा लागला. उंदरांचा एक चिवट पार्व्होव्हायरसही अधूनमधून असाच घुसतो. तो पेशीवरच्या सायलिक आम्लाला धरून आत येतो. ते पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचवणारं एक जनुक उडवलं की तो आत येतच नाही, हे अलीकडे दाखवलं गेलंय.

इतर सेल लाइन्सची गोष्ट थोडक्यात, पण ती आपल्या दंडापर्यंत येऊन पोचलेली आहे. कोविशील्डमधला विषाणू वाढला तो हेक-२९३ या मानवी पेशींत. त्या १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडनला तयार झाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केलेला कोरोना विषाणू कोव्हॅक्सिनसाठी वाढवला गेला तो व्हेरो पेशींत, म्हणजे १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून केलेल्या वंशात. व्हेरोत विषाणू इतके माजतात का, याचं उत्तर २०१४ साली तिचा जीनोम वाचल्यावर मिळालं: बाराव्या गुणसूत्रावरचा नव्वद लाख अक्षरांचा सलग तुकडा गायब आहे, आणि इंटरफेरॉनची जनुकं त्याच तुकड्यात होती. विषाणू आला अशी हाळी देणारी यंत्रणाच नाही. लसवाल्यांना नेमकं तेच हवं होतं, आणि अर्धं शतक कारण न कळता ते त्यांना मिळत होतं.

०००

भारतात रितुक्सिमॅबची पहिली प्रतिकृती डॉ. रेड्डीजने २००७ साली आणली. त्यानंतर हैदराबाद, बंगळुरू, अहमदाबाद, पुणे, नवी मुंबई अशी बायोसिमिलर बनवणाऱ्या कारखान्यांची रांग लागली. या औषधांमुळे कित्येक घरांत कॅन्सरचा उपचार निम्म्यावर सोडावा लागला नाही, हे कोणत्याही ऑन्कॉलॉजिस्टला विचारा. प्रतिकृती बनवणाऱ्याला मूळ कंपनीची पेशी मिळत नाही. ती बँक तिजोरीत असते. त्याला स्वतःची चो शाखा घेऊन, दुसऱ्याच गर्दीतून, तेच प्रथिन काढून दाखवायचं असतं. साखरेच्या फांद्या जुळेनाशा झाल्या की कोणतं जनुक झोपलंय आणि कोणतं जागं आहे याचा शोध सुरू होतो, आणि त्यासाठी लागणारा नकाशा व्हिएन्ना, डेलावेअर, सॅन दिएगो इथल्या विद्यापीठांनी खुला ठेवला आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पाचा सर्वात मोठा लाभार्थी मूळ औषधांच्या मालक कंपन्या नव्हेत, हा दुसऱ्या फळीतला कारखानदार आहे.

पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. १९८०च्या दशकात ते सुरू झालं तेच देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवण्यासाठी. देशातल्या कितीतरी पीएच.डी.ची सुरुवात तिथून आलेल्या एका फ्लास्कने झाली आहे. अशा ठिकाणांहून जाणाऱ्या पेशी खरोखर त्याच वंशाच्या आहेत ना, हे डीएनएच्या खुणा ताडून पाहण्याची पद्धत आता सर्वत्र रुजली आहे. त्यातून पेशी कुठल्या प्राण्याची, कुठल्या वंशाची हे कळतं. ती आपल्या बाटलीत येईपर्यंत किती बदलली हे कळत नाही. त्यासाठी पूर्ण जीनोम वाचावा लागेल, आणि आजच्या दरात तेही कोणा मध्यम कंपनीला परवडेल असं झालं आहे.

मग सगळे वाचत का नाहीत? भारतातल्या २०१६च्या बायोसिमिलर मार्गदर्शक तत्त्वांत काय किंवा आंतरराष्ट्रीय नियमांत काय, भर आहे तो आत घातलेल्या जनुकाचा क्रम बरोबर आहे आणि उत्पादन संपेपर्यंत तो टिकतो हे दाखवण्यावर. पेशीच्या उरलेल्या मजकुरात काय चाललंय ते सक्तीने विचारलं जात नाही. आणि वाचलं तर बदल दिसणारच; प्रत्येक बँकेत, प्रत्येक बॅचला. ते निरुपद्रवी आहेत हे माहीत असूनही फायलीत त्यांचं स्पष्टीकरण लिहावं लागेल, त्यावर तपासणी अधिकाऱ्याचे प्रश्न येतील, उत्तरं द्यायला आणखी प्रयोग लागतील. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कोण शोधेल, असा हिशोब कंपन्यांच्या दर्जा विभागांत होत असावा असा माझा कयास आहे, आणि धंद्याच्या बाजूने पाहता तो चूकही नाही. त्यामुळे आज स्थिती अशी की हॅमस्टरचा जीनोम जगात कोणीही उतरवून घेऊ शकतो, आणि ज्या पेशीतून आपल्या घरातल्या माणसाचं इंजेक्शन आलं तिचा मजकूर मात्र बहुतेक वेळा वाचलेला नसतो, किंवा वाचला असला तरी कंपनीच्या सर्व्हरवर कुलूपबंद असतो.